धड्याखालचे प्रश्न

सरांचा पारा चढायला सूनबाईचं एक वाक्य पुरलं. ती म्हणाली, तुमच्या प्रश्नांना डोकं लागत नाही, नुसतं बोट लागतं. धड्यात बोट ठेवायचं, वाक्य उचलायचं, वहीत टाकायचं. हे तिनं स्वयंपाकघरात पुटपुटलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण ती म्हणाली प्रकाशकासमोर, सरांच्याच बैठकीच्या खोलीत, सरांच्याच घरचा चहा पीत.

सर म्हणजे शाळेचं इंग्रजीचं पाठ्यपुस्तक करणारे. बायकोसुद्धा त्यांना सरच म्हणे. पुस्तकातले धडे इकडून तिकडून घेतलेले. सरांचे म्हणावेत असे खालचे प्रश्न तेवढे. आता नवी आवृत्ती निघायची होती. प्रश्न सरांचेच ठेवायचे की इंग्रजीची शिक्षिका असलेल्या सूनबाईकडून नवे लिहून घ्यायचे, याचा सोक्षमोक्ष लावायला प्रकाशक आले होते. प्रश्न गेले तर मुखपृष्ठावरचं नावही जाईल, हे त्यांनी आढेवेढे घेत का होईना, सांगून टाकलं होतं.

सरांनी सुनेचा यथेच्छ समाचार घेतला. चार शिबिरांना जाऊन आलं की ‘विचारशक्ती’ हा शब्द तोंडात घोळवायचा, मुलांना धड एक वाक्य लिहिता येत नाही आणि यांना म्हणे विचार करून हवाय. सूनबाईही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. तुमच्या पुस्तकावर पैकीच्या पैकी मार्क मिळवलेली मुलं माझ्या वर्गात येतात, ती म्हणाली, आणि ‘तुला काय वाटतं?’ विचारलं की पानं उलटायला लागतात. दोघांचं कधीच पटलं नव्हतं. आज फक्त निमित्त मिळालं होतं.

मग तिनं डाव टाकला. “आईंना बसवू या सोडवायला. बघू काय होतं.”

सरांना हसू फुटलं. बायकोचं इंग्रजी औषधाच्या बाटलीवरची अक्षरं लावण्यापुरतं. सरांनी दुनियेच्या पोरांना इंग्रजी शिकवलं, घरचं माणूस तेवढं राहून गेलं. “बसवा खुशाल,” ते म्हणाले. “एक उत्तर बरोबर आलं तर मिशी उतरवीन.”

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. हे तुमच्या पुस्तकासाठीच ना, एवढंच तिनं विचारलं. सर खेकसले की हो, बस आता, बडबड नको.

धडा दीपगृहाच्या रखवालदाराचा होता. शत्रूचं जहाज खडकावर फुटावं म्हणून तो दिवा विझवतो, आणि त्याच जहाजावर कैदी म्हणून त्याचा मुलगा असतो. खाली सरांचे प्रश्न: रखवालदार तेल कुठे ठेवायचा, दाराचा रंग कोणता होता, त्यानं दार का बंद केलं. त्या शेवटच्या ‘का’वर सरांची सगळी भिस्त होती.

बायको एक बोट प्रश्नावर आणि एक धड्यावर ठेवून बसली. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावाव्यात तशी ती अक्षरांना अक्षरं जुळवत होती. जुळलं की अख्खं वाक्य उतरवून काढायची, पुन्हा ताडून बघायची. सर समोर बसून मनातल्या मनात म्हणत होते, चूक, एकदा तरी चूक. आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस कुणीतरी चुकावं म्हणून देव पाण्यात घालून बसला होता.

प्रकाशकांनी कागद तपासला. तेल बरोबर, दार बरोबर. ‘का’चं उत्तरही बरोबर, कारण ते धड्यात ‘बिकॉज’च्या पुढे आयतं वाढून ठेवलेलं होतं. सगळंच्या सगळं बरोबर.

“आई,” सूनबाई म्हणाली, “त्यानं दिवा का विझवला असेल?”

“दिवा?” बायकोनं पुस्तकाकडे पाहिलं. “यात दिवा आहे होय?”

प्रकाशकांनी पुस्तक मिटलं आणि नवे प्रश्न कधीपर्यंत देऊ शकाल, असं सूनबाईला विचारलं. तिला जिंकल्याचा आनंद लपवता येईना, आणि तिनं तो फारसा लपवलाही नाही. सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. सुनेला बोलायची सोय उरली नव्हती, तेव्हा ते बायकोवर उलटले.

“कुणी सांगितलं होतं एवढी अक्कल पाजळायला?”

ती गोंधळली. तिनं आधी प्रकाशकांकडे पाहिलं, मग सुनेकडे.

“सगळी बरोबर आली ना?” ती म्हणाली. “पुस्तकावरचं तुमचं नाव काढून टाकणार म्हणत होते, मला आत ऐकू आलं. म्हणून जीव एकवटून बसले, एकही चुकू दिलं नाही. आता राहील ना नाव?”

सूनबाईनं मान खाली घातली. उत्तर तिघांनाही येत होतं.