मी, काडेपेटीच्या मुलींची काच

मी एक जुनी काच आहे. खिडकीची नव्हे बरं का, मित्रांनो, फोटोची. पूर्वी कॅमेऱ्यात माझ्यासारख्या काचा घालत. आमच्या एका अंगाला पातळ लेप असे आणि त्यावर चित्र उमटे, पण काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होऊन. म्हणून मला निगेटिव्ह म्हणतात. स्वभावाने मी तशी नाही.

काडेपेट्यांच्या एका कारखान्याच्या मालकांनी नव्या इमारतीचा फोटो काढायला फोटोग्राफर बोलावला होता. "मध्ये माणसं नकोत," अशी सक्त ताकीद होती. त्याप्रमाणे त्याने इमारत टिपली. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि काडेपेट्यांत काड्या भरणाऱ्या मुली पायऱ्यांवर येऊन बसल्या.

"आमचा पण काढा की!" एकीने फर्मावलं.

फोटोग्राफरने मागे वळून पाहिलं. मालक दिसत नव्हते. त्याने मला घाईघाईने कॅमेऱ्यात सरकवलं. "हलू नका!" मुलींनी श्वास रोखला. मीही.

इमारतीच्या फोटोची वाहवा झाली. माझी मात्र एक प्रतही कोणी काढली नाही. पुढे फोटोग्राफर वारला आणि घरच्यांनी काचा घासून खिडक्यांना बसवायला सुरुवात केली. सोड्याच्या गरम पाण्यात माझ्या कितीतरी बहिणी कोऱ्या झाल्या. माझी पाळी आली. फोटोग्राफरच्या सुनेने मला पाण्यावर धरलं, सहज उजेडाकडे पाहिलं आणि तिचा हात थांबला. "अगंबाई, या कोण पोरी?" म्हणत तिने मला उरलेल्या काचांबरोबर लाकडी पेटीत ठेवून दिलं. वर्षानुवर्षं मी तिथेच पडून होते. तिच्या मुलीने ती पेटी एका संग्रहालयाला दिली.

तिथे जतन विभागातल्या बाई आम्हाला कडेने धरून, मऊ ब्रशने झाडून एकेका कागदी पाकिटात ठेवत. माझा नंबर यायचा होता, आणि नेमका त्याच दुपारी कोठीतला पाण्याचा नळ फुटला.

पेटीत पाणी शिरलं. माझा लेप फुगला आणि समोरच्या काचेच्या लेपाला चिकटला. समोर होती तीच, मालकांची इमारत. बाईंनी आम्हाला बाहेर काढलं तेव्हा आम्ही दोघी एकजीव झालो होतो. रखवालदार मदतीला धावला, हातात गरम हवेचा पंप घेऊन.

"थांबा! लेप वितळेल!" बाई ओरडल्या. तो बिचारा जागच्या जागी थिजला.

संग्रहालयाचे प्रमुख आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "आहेत तशा सुकू द्या. ओढाताणीत दोन्ही जातील."

"सुकल्या तर कायमच्या चिकटतील, सर. ओल्या आहेत तोवरच काय ते करता येईल."

"आणि फाटलं तर?"

"तर ते माझ्या हातून झालं असं सांगेन. आत्ता मला बर्फ हवाय."

प्रमुख स्वतःच कँटीनकडे पळाले.

बर्फाच्या पाण्यात आम्हाला ठेवलं. गारव्याने लेप जरा आवळला. बाईंनी आमच्यामध्ये पातळ पट्टी घातली. केसभर पुढे, की थांबायचं. पुन्हा केसभर. एका कोपऱ्यात लेप ताणला गेला. बाईंचे हात थांबले, पण लेप थांबला नाही. कडेच्या मुलीचे पाय माझ्यावरून सुटले आणि इमारतीला चिकटून गेले.

मग आम्ही वेगळ्या झालो.

बाईंनी मला उजेडाकडे धरलं. "चेहरे शाबूत आहेत," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या. नंतर कोणी सुचवलं, "संगणकावर नवे पाय जोडून टाकू, कळणारही नाही." बाईंनी साफ नकार दिला. "गेलं ते गेलं. खोटं भरायचं नाही."

माझी मोठी प्रत काढून दालनात लावली. मी स्वतः अंधाऱ्या, थंड कपाटात उभी असते. तेच मला मानवतं. तिकडे काय चालतं ते बाईंच्या बोलण्यातून कळतं. एक बस ड्रायव्हर सुट्टीच्या दिवशी बायकोबरोबर आले आणि प्रतीसमोर खिळून उभे राहिले. "अरे, ही तर आमची ठिणगीआत्या! तोंड उघडलं की समोरचा पेटायचा बघा." त्यांच्या घरी तिचा एकही फोटो नव्हता. बाईंनी त्यांना एक प्रत करून दिली आणि दालनातल्या पाटीवर आत्याचं नाव घातलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी जुने फोटो असतील. त्यांना ओल लागू देऊ नका, चेहऱ्यावर बोटं ठेवू नका. आणि आजी-आजोबा आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून विचारा, हे कोण, ते कोण; मग फोटोच्या मागे पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहून ठेवा. माझ्या पायऱ्यांवर बसलेल्या मुलींपैकी एकीचीच ओळख पटली आहे. बाकीच्या अजून श्वास रोखून बसल्या आहेत.