हात आवरून काढलेली रात्र

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. श्वास देवाने मोजून दिलेले असतात, असं आपण सहज म्हणून जातो. एका बाईने ते खरोखरच मोजले. तिची गोष्ट सांगायची आहे.

तिचा नवरा शाळेची बस चालवायचा. पोरं त्याला मामा म्हणत, आणि म्हणून ती मामी. एकदा रिकामी बस परत आणताना सिग्नलला मामांचा डोळा लागला. शाळेने बजावलं, झोपेची तपासणी करा, तोवर बसला हात लावायचा नाही. दवाखान्यातली मुलगी घरी यंत्र देऊन गेली. छातीला पट्टा, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. झोपेत श्वास कुठे अडतो ते यंत्र टिपून ठेवणार होतं.

अहवाल आला, सगळं ठीक. सोमवारपासून बस. मामा बायकोला म्हणाले, माझ्या घोरण्याच्या नावाने गाव गोळा करत होतीस ना, घे आता.

मामीला मात्र तो अहवाल पटेना. बावीस वर्षांची सवय तिची. घोरणं मध्येच थांबलं की झोपेतच तिचं कोपर त्यांच्या बरगडीत जायचं, मामा कूस बदलायचे, श्वास सुरू. तपासणीच्या रात्रीही तेच झालं होतं. परीक्षा त्यांची, पेपर हिने लिहिलेला.

ती उठून दवाखान्यात गेली आणि सगळं सांगून टाकलं. मुलगी म्हणाली, पुन्हा करू, पण या वेळी हात लावायचा नाही. मामी घाबरली, तेव्हा मुलगी हसून म्हणाली, "तुम्ही माहेरी जाता तेव्हा त्यांना कोण ढोसतं? शरीर आपलं आपण जागं होतं."

मामा भडकले. पास झालेल्याला पुन्हा परीक्षेला बसवणारी बायको माझ्याच नशिबी, म्हणाले.

"तुमच्या मागे चाळीस पोरं बसतात," मामी एवढंच म्हणाली.

त्यांनी पट्टा उचलून छातीला बांधला.

मामी आडवी झालीच नाही. खुर्चीत बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. घोरणं चढत गेलं आणि कापल्यासारखं थांबलं. छाती ओढ घेत होती, पण नाकातून हवा जात नव्हती. दहा. वीस. देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर तोंडून आकडाच आला. तीस. चाळीसला ती उठली. हात त्यांच्या खांद्यापासून वीतभर. आता हलवलं, तर सोमवारी हेच बस काढणार. तिने मूठ आवळली. सेहेचाळीस. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीसला मामा विहिरीतून वर आल्यासारखी मोठी धाप टाकून हलले, आणि लगेच पुन्हा घोरू लागले.

मामी खाली बसली. उजाडेपर्यंत हेच, किती वेळा, ते ती विसरली.

यंत्र विसरलं नाही. तासाला छत्तीस वेळा श्वास अडलेला. मामांनी कागद वाचून बायकोला विचारलं,

"तू नुसती बघत बसलीस?"

"हो."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे सुजलेले, तळहातांवर नखांचे वण. मग फोन उचलला आणि शाळेला स्वतःच कळवलं, उपचार सुरू होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुसरा चालक बघा.

मंडळी, आज अंथरुणाला पाठ टेकाल तेव्हा श्वासाबद्दल देवाचे आभार मानालच. त्यात तेवढी या मामीचीही आठवण ठेवा.