शेंदूर लागलेली तार

मी एक जुनी तार आहे, मित्रांनो, प्लॅटिनमची. नाव मोठं आणि अंग तुमच्या केसाहून बारीक. रशियातून एका पेटीत बसून मी भिलाईला आले, तेव्हा तिथल्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी नुकती पेटली होती. पेटीला सगळे गॅसची मशीन म्हणत आणि तिच्या काट्याचं कौतुक करत. काटा हलवणारी मी, पण आम्हाला विचारतो कोण!

भट्टीच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास, माणसाला मात्र गुपचूप मारतो. विजेने मला तापवलं की तो माझ्या स्वच्छ अंगावर येऊन टेके. हवेतला ऑक्सिजन शेजारी टेके. तिथेच दोघांची गाठ पडे आणि ते जोडीने निघून जात. त्यांच्या भेटीची ऊब मला लागली की काटा हले. मी गार असले तर कार्बन मोनॉक्साइड एकटाच असा चिकटून बसे की ऑक्सिजनला जागाच उरत नसे, म्हणून आधी तापणं आलं. मी म्हणजे पंगतीतला पाट. पाहुण्याने बसावं, उठावं, पाट रिकामा करावा. माझ्याजवळ कुणी राहिलं असं कधी झालंच नाही. माणसांनी तर मला बोटही लावायचं नाही, असा नियम होता. फार एकटं वाटे हो.

मला सांभाळायचा तेजराम. भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, बायको कौशल्याबरोबर कॅम्प-१ या कामगार वस्तीत राहायचा. गॅसच्या मोठ्या नळात साफसफाईला शिरण्याआधी तो पेटीची नळी आत सोडी, काटा शून्यावर दिसला तरच पाऊल टाकी. त्याचा जीव माझ्या हवाली होता.

विश्वकर्मा पूजेला कामगारांच्या घरच्यांना कारखाना पाहायला मिळाला. तेजरामने मोठ्या हौसेने माझ्यावरची जाळी उघडून मला कौशल्याला दाखवलं. एवढीशी तार आपल्या नवऱ्याला राखते, हे ऐकून तिचे डोळे भरून आले. मारुतीला लावून उरलेला तेल-शेंदूर तिच्या वाटीत होता. तिने बोट बुडवलं आणि मला लावलं.

"माह्या कुकवाले सांभाळजो, बाप्पा," ती म्हणाली.

तेजराम हसला आणि त्याने जाळी लावून टाकली. खरं सांगते, त्या बोटाने मी सुखावले. जन्मात पहिल्यांदा कुणी मला मायेने शिवलं होतं.

पण शेंदूर म्हणजे शिसं. दुसऱ्या दिवशी वीज आली, तेल जळालं आणि शिसं माझ्या अंगात मुरलं. नळातला वायू आला, पण त्याला टेकायला तसूभर जागा मिळेना. भेट नाही, ऊब नाही. काटा शून्यावर तसाच राहिला. तेजराम, जाऊ नको रे, असं मला ओरडायचं होतं. तारेला कुठलं तोंड! तो निर्धास्तपणे आत गेला.

बाहेर दोर धरून हिरालाल उभा होता, त्याचा सोबती. दोर सैल पडला तसा त्याने जीव खाऊन ओढला. तेजराम बेशुद्ध बाहेर आला, दवाखान्यात पडून राहिला, पण वाचला. साहेबांनी मला धुतलं, पुसलं, तापवून पाहिलं. लाली गेली, मी काही सुधारले नाही. मला भंगारात काढलं.

तेजरामने जाळी उघडून पाहिली, तिच्या आतल्या कडेला शेंदराचा डाग राहिला होता, आणि त्याने सगळं ओळखलं. परवानगी काढून त्याने पेटी घरी आणली. कौशल्याने विचारलं तेव्हा मान खाली घालून तो एवढंच म्हणाला, "मशीन बुढी झाली होती."

तिने पेटी फळीवर ठेवली. मग माझ्याकडे पाहत म्हणाली, "मी तुले देव मानलं. मंग तू कावून गप्प रायला?"

आणि तिने पेटीचं तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हापासून मी भिंतच पाहते आहे.

मित्रांनो, माया जरूर करा, पण जिच्यावर करता त्या वस्तूला काय सोसतं ते आधी विचारून घ्या. आणि कौशल्या कुठे भेटलीच, तर मला ती काय हवं ते बोलू दे. शेंदराचं नाव मात्र तिच्यापुढे काढू नका.