तेरा नंबरचा कप

मित्रांनो, मी एक जुनी ॲल्युमिनियमची किटली आहे आणि चार वर्षं मी कैदेत होते. हसू नका. माझ्या झाकणाला सुतळी बांधून वर लाखेचं सील ठोकलं होतं. गळ्यात चिठ्ठी होती. मुद्देमाल, क्रमांक नऊ.

त्याआधी माझं बरं चाललं होतं. एका बुक बाइंडरच्या घरात मी राहत होते. फाटकी पुस्तकं शिवायची, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा, हा त्याचा धंदा. पानांचे जुडगे उलटसुलट लागू नयेत म्हणून तो प्रत्येकावर नंबर घालायचा. ही सवय त्याच्या हाडात मुरली होती. घरातल्या डब्यांना नंबर, किल्ल्यांना नंबर. बायको म्हणायची, "एक दिवस माझ्याही कपाळावर आकडा काढाल!"

"तुझा नंबर काढायची हिंमत कोणाची आहे?" तो म्हणायचा.

शुक्रवारी दुकान बंद असे. दुपारच्या नमाजनंतर त्याच्या घरी बारा माणसं जमायची, तो धरून. एक शिंपी, एक निवृत्त मास्तर, दोन हमाल, अशीच साधी माणसं. कुराणाचं एक पान वाचायचं, त्याचा अर्थ लावायचा, त्यावर थोडं भांडायचं आणि मग माझी वाट बघायची. म्हातारे मास्तर विसरून दुसऱ्याच्याच कपातला चहा पिऊन टाकत. वैतागून बाइंडरने पुस्तकांवरच्या सोनेरी रंगाने प्रत्येक कपाच्या बुडावर नंबर घातले. एक ते तेरा.

हो, तेरा. माणसं बारा, कप तेरा. तेरावा कप समोरच्या न्हाव्याचा. तो त्यांच्या धर्माचा नव्हता आणि पुस्तकाशीही त्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त चहा लागायचा. दुकान सोडून येता येत नसे म्हणून बाइंडर स्वतः भरलेला कप घेऊन रस्ता ओलांडायचा. खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं.

"काय हो खळवाले, चहात साखर घातली की खळ? जीभ चिकटली टाळूला!"

"चिकटू दे. तेवढाच गिऱ्हाइकांच्या कानांना आराम."

अशी अकरा वर्षं गेली. माझा पार्श्वभाग काळा झाला, दांडा दोनदा बदलला. पण मला कोणी अडगळीत टाकलं नाही.

मग एका शुक्रवारी पोलीस आले. चहा अजून ओतायचा होता. कप सतरंजीवर रांगेने उपडे मांडलेले होते आणि तेरा सोनेरी आकडे चमकत होते. साहेबांचे डोळे त्याहून जास्त चमकले.

"सभासद क्रमांक! गुप्त संघटना आहे ही."

"साहेब, मास्तर दुसऱ्याचा चहा पितात म्हणून घातलेत," बाइंडर म्हणाला.

कोणी ऐकलं नाही. पंच म्हणून सही करायला शिपायांनी समोरून न्हाव्याला ओढून आणलं. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक फेसासकट दुकानात तसंच राहिलं. न्हाव्याने कप बघितले. आपलाही बघितला.

"माणसं बारा. तेरावा कोण?" साहेबांनी विचारलं.

बाइंडर खोटं बोलणारा नव्हता. तो म्हणाला, "तो फक्त चहा पितो. नाव मी देणार नाही."

"नाव दे आणि संध्याकाळी घरी जा."

तेरावा दोन हातांवर उभा होता. बाइंडरने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. न्हाव्याने मान खाली घालून, न वाचता कागदावर सही केली.

बाकीचे अकरा जण एकेक करून वर्षभरात सुटले. बाइंडर सुटला नाही. त्याच्याच घरात पुस्तक वाचलं जायचं आणि तेराव्याचं नाव तोच दडवत होता. म्हणे, तेरावा म्हणजे बाहेरून हुकूम आणणारा म्होरक्या! मी मुद्देमालाच्या खोलीत चाकू, कट्टे आणि गांजाच्या पुड्यांच्या शेजारी बसून होते. माझ्या तोटीत कोळ्याने घर केलं. त्या खोलीत मी एकटीच अशी होते, जिने कधी कोणाला साधं भाजवलंही नव्हतं.

चार वर्षांनी मला आणि कपांना कोर्टात टेबलावर मांडलं. बाइंडर पिंजऱ्यात उभा होता. दाढी पांढरी झालेली, बोटांवर खळीचा डाग नाही. त्याची बायको मागच्या बाकावर बसली होती. पंचाला बोलावलं. न्हावी आला.

सरकारी वकील म्हणाले, "हे कप तुमच्यासमोर जप्त झाले?"

"झाले." न्हाव्याने कपांकडे बोट दाखवलं. "त्यातला तेरा नंबरचा माझा आहे."

त्याने कप उचलून न्यायाधीशांसमोर धरला.

"बघा, काठाला टवका उडालाय. माझ्याच दुकानात नळाखाली आपटला होता."

"तुम्ही यांच्या धर्माचे?"

"नाही. मी चहाचा."

कोणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. "मग चार वर्षं गप्प का बसलात?"

"भ्यालो, साहेब. मलाही घर आहे." त्याने पिंजऱ्याकडे पाहिलं. "त्यालाही होतं."

पिंजऱ्यातून बाइंडर हळूच म्हणाला, "अरे वेड्या, कशाला पडलास यात?"

त्या दिवशी हुकूम झाला: किटली आणि कप घरी परत द्यावेत. कपांचा गुन्हा मिटला. पुस्तक वाचण्याचा आणि चार माणसांनी एकत्र बसण्याचा उरला. त्यासाठी पुढची तारीख पडली. मी सुटले, माणूस आत राहिला. यात कुठला न्याय आहे, ते मोठ्यांना विचारा. मी भांडं आहे, मला कळत नाही.

बायकोने सुरीने लाख खरवडली, कोळ्याला अलगद खिडकीत सोडलं आणि मला चुलीवर ठेवलं. आता शुक्रवारी न्हावी दुकानाला कडी घालून स्वतः रस्ता ओलांडून येतो. पहिल्यांदा आला तेव्हा उंबऱ्याबाहेरच थांबला.

"वहिनी, येऊ?"

तिने तेरा नंबरचा कप पुसून पुढे ठेवला. मग म्हणाली, "या भाऊ. साखर जास्तच आहे."

एक घोट घेऊन तो काहीतरी बोलायला गेला. नेहमीचंच बोलणार होता बहुतेक. पण समोर बाइंडरचा एक नंबरचा कप रिकामा होता. त्याने नुसती मान हलवली.

मित्रांनो, जुन्या वस्तू घासूनपुसून ठेवा असं तुम्हाला नेहमी सांगतात. मला घासलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्या गल्लीतला कोणी त्याच्या देवामुळे, त्याच्या पुस्तकामुळे उचलला गेला आणि तुम्हाला खरं माहीत असलं, तर रस्ता ओलांडा. चार वर्षं लावू नका. रस्ता केवढा होता, मी खिडकीतून रोज बघत होते. भरलेला कप हातात घेऊन बाइंडर चालायचा, एक थेंब सांडत नसे.