उजव्या कुशीतलं

मनगटावर माशाचा एक खवला चिकटला होता — सकाळी मासळी धुतली तेव्हाचा असणार — वाळून चकाकत होता, पण भागीरथाला तो काढता येईना, कारण एका हातात पंखा होता आणि दुसरा धाकट्या जावेच्या पोटावर, आणि तो उचलायचा नाही असं गडचिरोलीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. जुळी आहेत, सातवा लागलाय, पिशवीचं तोंड आखडत चाललंय… रश्मीला स्वतःला कळायचं नाही, तिचं पोट सदाच ताणलेलं. तेव्हा कुणीतरी तळवा ठेवून बसा. पोट दगडासारखं होतंय, सैल पडतंय, पुन्हा दगड होतंय, असं झालं की वाट बघू नका, जीपमध्ये घालून आणा. लवकर आणलंत तर कळा थोपवता येतील. उशीर केलात तर दोन्ही जातील.

कुणीतरी म्हणजे दुसरं कोण? घरात रिकाम्या कुशीची एकच होती.

आणि तिला ते हवंच होतं, खोटं कशाला बोला! सोनोग्राफीत दोन दिसली त्याच दिवशी सासूने, ठमाबाईने, अंगणात सगळ्यांदेखत वाटणी करून टाकली होती — "देवानं दोन धाडले. एक इच्या वटीत, एक तिच्या." रश्मीचा नवरा श्रावण मान हलवून मोकळा झाला, रश्मीही हसली, आणि तेव्हापासून उजव्या कुशीतलं भागीरथाचं. तिथे तळवा ठेवला की ते आतून ढुशी द्यायचं… ओळखायचंच ते! तिने त्याला नावसुद्धा ठेवलं होतं, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बायका तिला बारशाला बोलवायच्या त्या भांडी घासायला, पाळण्याला हात लावू द्यायच्या नाहीत. आता येतील म्हणावं माझ्याच दारी!

तेंदूपत्ता तोडायचे दिवस, घरची सारी जंगलात, घरात या दोघीच. रश्मी कैरीची फोड चोखत पडली होती, आणि मीठ मागावं इतक्या सहज बोलली.

"बाई, एक सांगू का? मी दोनीबी ठेवतो. मले नाई देववत."

पंखा थांबला.

"सासूबाईले तुमीच सांगा न. आन् तुमी काई पराया हा का? मोठी आई होसान न तुमी."

मोठी आई! उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. हिचं हगणं-मुतणं मी काढलं, हिच्या डोक्यातल्या उवा मी वेचल्या, आणि हातातोंडाशी आलेला घास ही अशी, कैरी चोखता चोखता… भागीरथाला वाटलं, आपण ओरडू. बोलायला तोंड उघडणार, तोच तळव्याखाली पोट आवळत गेलं, गच्च, पार दगड झालं, आणि सावकाश सैल पडलं.

"कोनता हालून राह्यला, बाई?" रश्मीने विचारलं.

"दोनीबी. झोप तू."

बाहेर चिंचेखाली जीपवाला इतवारी हॉर्न वाजवत होता. गावातली ती एकच जीप, दुपारची एकदाच गडचिरोलीला जायची, भरली की निघायची. त्याला श्रावणाने सांगूनच ठेवलं होतं, हाक आली की दारात लाव. एकदाच तर झालंय, भागीरथाने मनाशी म्हटलं, एकदा होतंच. पुन्हा झालं की मारू हाक. पुन्हा झालं. हे जरा कमी होतं, हे धरायचं नाही… आणखी एक येऊ दे. तेही आलं, आधीच्याहून घट्ट, आणि रश्मी डोळे मिटून हसली, बाळं खेळतायत म्हणून. हॉर्न वाजला. भागीरथा दाराकडे बघत राहिली. हात पोटावरच होता, सांगितल्यासारखा, जराही न हलता.

मग इंजिनाची घरघर झाली, फाट्यापर्यंत ऐकू येत राहिली आणि विरली.

आता हाक मारायला काहीच हरकत नव्हती. आता ती गल्लीभर धावू शकत होती, ऊर बडवू शकत होती, उद्या लोक म्हणाले असते, बिचारीने केवढा आकांत केला. तळव्याखाली पोट पुन्हा आवळू लागलं, आणि उजव्या अंगाने आतून एक ढुशी आली, रोजची, ओळखीची. भागीरथाला रडू फुटलं. खोटं नाही, अगदी पोटातून आलेलं, सख्ख्या आईचं रडू.