कोणाचं गोडं तेल

हुसेनसाबांच्या घरात दोन तेलं असत, एक माणसांचं आणि एक करवतीचं, आणि त्यांतलं बरं तेल माणसांच्या वाट्याला कधी येत नसे. त्यांच्या बायकोनं, सुगराबीनं, यावरून आयुष्यभर टोमणे मारले. "निकाह त्या चकतीशी झालाय, मी आपली पाहुणी," असं ती शेजारणींना सांगायची. हुसेनसाब ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि तेलाच्या बरणीवरचं फडकं आणखी घट्ट बांधत.

अकीक, म्हणजे तो पट्ट्यापट्ट्यांचा कठीण दगड, कापणारा माणूस त्या काळी सोलापुरात हा एकच. तरुणपणी गुजरातेत खंबायतला उस्तादाच्या घरी राहून ते ही विद्या शिकले आणि येताना उस्तादानं दिलेली चकती घेऊन आले. त्यांची करवत म्हणजे दातांची नव्हे. ताटाएवढी पातळ लोखंडी चकती, कडेला बारीक खाचा आणि खाचांत ठोकून बसवलेली हिऱ्याची पूड. चकतीची खालची कड तेलाच्या परातीत बुडलेली असे. मुलगा गैबीसाब गिरणीत सूत कातणाऱ्या चात्यांना तेल घालायच्या कामावर होता. पाळी संपवून आला की तो मोठं चाक फिरवी, चकती भिरभिरे, आणि हुसेनसाब चापात आवळलेला दगड केसभर-केसभर पुढे सारत.

या सगळ्याकडे डोळे लावून बसणारी घरात एकच होती, ती गैबीसाबची बायको अजीजा. सासऱ्याचं कौतुक करणारी सून हा प्रकार गल्लीत नवाच होता, त्यामुळे तिची थट्टाही पुष्कळ व्हायची. पण तिला खरंच नवल वाटे. काम संपलं की म्हातारा परातीतलं तेल मडक्यात ओतून ठेवी. रात्रभरात दगडाचा गाळ खाली बसे. सकाळी वरचं नितळ तेल पळीनं अलगद काढायचं, विरलेल्या मलमलीतून गाळायचं, आणि खालचा गाळही टाकायचा नाही, कारण त्यात झडलेली हिऱ्याची पूड असते. तपकिरीपायी हुसेनसाबांचं नाक कामातून गेलं होतं, पण कान शाबूत होता. तेल दाट झालं की चकती कुरकुरते, कमी पडलं की शीळ घालते, असं ते म्हणत, आणि डोळे मिटून सांगितलेलं कधी चुकत नसे.

त्या उन्हाळ्यात सुगराबी लेकीच्या बाळंतपणाला करकंबला गेली आणि किल्ल्यांबरोबर तेलही अजीजाच्या हाती आलं. दुसऱ्याच दिवशी हुसेनसाब म्हणाले, "बेटी, बरणीतलं तेल म्हातारं झालंय. सगळं काढ आनि नवं गोडं तेल भर."

अजीजा बार्शीच्या बागवानाची लेक. गोडं तेल म्हणजे कोणतं, हे तिच्या माहेरी विचारणं म्हणजे भाकरी कशाची म्हणून विचारण्यासारखं. ती तेल्याच्या घाण्यावर गेली आणि ताजं, सोनेरी करडईचं तेल घेऊन आली. चांगलं धुतलेल्या बरणीत तिनं ते भरलं आणि वरचं फडकं अगदी सासऱ्यासारखं घट्ट बांधलं.

त्याच आठवड्यात अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून रत्नम्मा आली. पदराखाली नारळाएवढा एक खडबडीत दगड होता. शेतात विहीर खणताना तो तिच्या नवऱ्याच्या हाती लागला होता. विहिरीला पाणी लागलं, आणि ते पाणी पिकाला पाजायच्या आतच नवरा गेला. आता त्याच्या दोन्ही लेकी दगडासाठी हटून बसल्या होत्या. बापाच्या हातची शेवटची वस्तू, एक म्हणे माझी, दुसरी म्हणे माझी. दोघी एकमेकींच्या घरचं पाणीसुद्धा पीत नव्हत्या.

"कापून दोन करा," रत्नम्मा म्हणाली. "पन दोनीकडं सारखं निघालं पायजे. रतीभर हिकडंतिकडं झालं, तर ह्या जल्मात त्या बोलायच्या न्हाईत."

हुसेनसाबांनी दगड हातात तोलला, ओला करून उन्हात धरला. आत पट्ट्या होत्या. "एकच काप घालाया येतो, अक्का," ते म्हणाले. "नीट उतरला तर आरशात बघावं तशी दोन तोंडं निघतील. मदीच अडला तर तडकंल. मग दोघींनाबी कपची."

रत्नम्मानं मान डोलावली आणि दगड ठेवून गेली.

दगड आधी पाण्यात मुरत ठेवला, म्हणजे तो तेल पीत नाही. मग काप सुरू झाला. नव्या तेलावर चकती अशी काही चालली की हुसेनसाब खूश होऊन गुणगुणायला लागले. काप अर्ध्यावर आला आणि मोहरम लागला. मोहरमच्या दिवसांत त्यांच्या घरी चाक बंद असे. चापातला दगड सोडायचा नाही, नाहीतर रेघ चुकते, हा उस्तादाचा नियम. तेव्हा चकती दगडातच ठेवून, वर फडकं घालून सगळे उठले. दर साली हेच होत आलं होतं.

मोहरमची दहावी तारीख झाली, ताबूत थंडे झाले आणि गैबीसाबनं चाकाला हात घातला. चाक हललं नाही. त्यानं बाह्या सरसावल्या.

"थांबा," अजीजा म्हणाली आणि तिनं सरळ चाकाची मूठ धरली. सासऱ्यासमोर नवऱ्याचा हात अडवायची ती तिची पहिलीच वेळ.

हुसेनसाबांनी वाकून कापात नख घालून पाहिलं. नखाला पिवळट, चिवट राळ लागली. परातीतल्या तेलावर साय धरली होती. त्यांनी बोट जिभेला लावलं आणि सुनेकडे पाहिलं.

"हे कंचं तेल?"

"गोडं तेल, अब्बा."

"कोनाचं गोडं?"

"करडईचं की. दुसरं कंचं असतं?"

म्हाताऱ्यानं बोट फडक्याला पुसलं. खंबायतला गोडं तेल म्हणजे तिळाचं. इतकी वर्षं सुगराबी न सांगता तिळाचं तेल आणत होती आणि हुसेनसाब आपले गोडं तेल, गोडं तेल म्हणत होते. चकती वाकली तर दुसरी आणायला आता खंबायतचा उस्ताद हयात नव्हता. दगड तडकला तर दोन बहिणींचं तोंड कायमचं फिरणार होतं. सासरा ओरडला असता तर अजीजाला बरं वाटलं असतं.

तो ओरडला नाही. "चूक तुजी न्हाय," तो म्हणाला. "माजी जीभ अजून खंबायतातच हाय." मग गैबीसाबला म्हणाला, "घासलेट आन. त्यानं सुटंल."

"घासलेट नगं," अजीजा म्हणाली. "राळ पातळ करून ते तिला दगडाच्या आत नेईल." तिच्या वडिलांच्या मळ्यात चामड्याची मोट होती. करडईचं तेल कढवून त्याचं रोगण मोटेला चोपडत, म्हणजे पाणी गळत नाही. वर्षभरानं रोगण कडक होऊन मोट ताठली की वडील तिला कोमट तेलाच्या चिंध्या गुंडाळून ठेवत आणि दिवसभर हात लावू देत नसत. तिनं हे सगळं एका दमात सांगितलं.

हुसेनसाब स्वतः उठले, तिळाचं तेल आणलं, चुलीवर कोमट करून तिच्या हातात पळी दिली.

तिनं कापाच्या दोन्ही बाजूंनी थेंबथेंब तेल सोडलं, चिंध्या भिजवून चकतीला लावल्या, गार झालेलं टिपलं, कोमट पुन्हा सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हुसेनसाबांनी चकती दोन बोटांनी उलटी ढकलली. ती गव्हाच्या दाण्याएवढी सरकली. मग आणखी. मग सुटली. म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि तपकीर नाकात गेली म्हणून सांगितलं. तेव्हा त्यांच्या हातात तपकिरीची डबीही नव्हती.

"आता तिळाचंच भरू," ते म्हणाले.

अजीजा घुटमळली. "अब्बा, ह्यांचा गिरणीतला सदरा मी धुते. चात्यांच्या तेलाचे डाग जात न्हाईत, पन कदी चिकटबी होत न्हाईत. सैपाकाचं तेल सांडलं की चार दिवसांत हाताला चिकटतं."

गिरणीचं तेल अकीकाला लावायचं, हे ऐकून उस्ताद कबरीत उठून बसला असता. पण हुसेनसाबांनी बाजारातून ते पातळ, पाण्यासारखं तेल आणवलं. पत्र्याच्या तुकड्यावर करडईचा, तिळाचा आणि गिरणीच्या तेलाचा एकेक थेंब टाकून पत्रा उन्हात ठेवला. सोलापूरचं ऊन, त्याला परीक्षेला कितीसा वेळ लागणार? करडईवर साय आली. तीळ जरा दाटला. गिरणीचा थेंब होता तसाच पसरून राहिला. म्हाताऱ्यानं बोट फिरवून पाहिलं, पुन्हा फिरवून पाहिलं, आणि मोठ्या समाधानानं हसला. आपण हरलो याचा एवढा आनंद झालेला माणूस अजीजानं पाहिला नव्हता, आणि त्या क्षणी तो तिला पूर्वीपेक्षाही थोर वाटला.

उरलेला काप त्यांनी तिच्याकडून घालून घेतला. स्वतः डोळे मिटून बाजूला बसले आणि कानानं ऐकत राहिले. काप उतरला. दोन्ही अर्धुकं ज्वारीच्या पिठात पुरून ठेवली, म्हणजे शिरलेलं तेल पीठ ओढून घेतं. पीठ झटकल्यावर आतून निळसर, पांढऱ्या पट्ट्या निघाल्या. आणि पट्ट्यांवरून आडवी गेलेली एक पिवळसर, बारीक कमान. चकती जिथे अडून बसली होती, तिथे दहा दिवसांत मुरलेलं पाणी सुकून करडईचं तेल दगडानं पिऊन टाकलं होतं. अजीजानं पीठ बदललं, राखेनं घासलं. कमान गेली नाही.

रत्नम्मा आली तेव्हा अजीजानं सगळं सांगितलं, तेल, शब्द, मोट, सगळं. रत्नम्मा खाली बसून दोन्ही तोंडं शेजारी धरून पाहत होती. तिचं बोट त्या कमानीवरून सावकाश फिरलं.

"ही दोनीकडं हाय?"

"व्हय."

"सारकीच?"

"सारकीच. एकाच चकतीची हाय."

"हिरीची कड," रत्नम्मा म्हणाली. "वरून वाकून बगितलं की अशीच दिसायची. ते आत हुबे असायचे." तिनं दोन्ही अर्धुकं पदरात घेतली, पदर हलवला आणि पुन्हा बाहेर काढली. "आता सांग पोरी, थोरलीचा तुकडा कंचा आनि धाकटीचा कंचा?"

अजीजानं निरखून पाहिलं. "न्हाई सांगता येत."

"मलाबी न्हाई," रत्नम्मा म्हणाली आणि दोन्ही अर्धुकं पदरात बांधून उठली.