जागा अडवणारं बाकडं

मित्रांनो, मी एक जुनं बाकडं आहे, आणि मला राग आलेला आहे. लाकडाला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. आधी माझी हकिगत ऐका, मग हवं तर हसा.

एक जुनी शाळा पाडली, तेव्हा तिच्या दारांच्या फळ्या एका सुताराने घेतल्या. त्याने त्या रंधून गुळगुळीत केल्या, वेल्डरकडून लोखंडी पाय करून घेतले आणि माझा जन्म झाला. मला बनवून घेतलं ते बाजाररस्त्यावरच्या खिळे-पत्र्याच्या दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाने. "दुकानाबाहेर माणसं बसलेली असली की दुकान जिवंत वाटतं," असं तो म्हणायचा. त्याने मला आपल्या दुकानासमोर, फुटपाथवर, छपराच्या सावलीत ठेवलं.

ते दिवस चांगले होते. पिशव्या घेऊन दमलेल्या बायका माझ्यावर टेकत. चपलेचा अंगठा तुटला की लोक इथेच बसून तो जोडत. दोन भावांचं वर्षानुवर्षांचं भांडण माझ्यावर बसून मिटलं, आणि त्यांपैकी एकाचं बायकोशी नवं भांडणही इथेच सुरू झालं. "हे बाकडं आहे म्हणून बरं आहे," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की ते कधी बंद होईल असं मला वाटलंच नव्हतं.

कंडक्टरकाका निवृत्त झाल्यावर माझ्याकडे येऊ लागले. सगळी हयात बसमध्ये गेली होती, त्यामुळे आवाज खणखणीत. कुणी माझ्यावर ऐसपैस मधोमध बसलं की काका म्हणायचे, "मध्ये अडवू नका, पुढे सरका, पुढे सगळी जागा मोकळी आहे." पुढे जेमतेम वीतभर जागा असायची, पण माणसं निमूट सरकायची. समोरच्या औषधांच्या दुकानातल्या ताई हसून म्हणायच्या, "काका, तिकीट पण फाडा आता." काका म्हणायचे, "तुमचा पास आहे ना, बसा."

मग काका विसरू लागले. आधी नावं गेली. मग जेवलो की नाही ते आठवेना. मुलीला ते बहिणीच्या नावाने हाक मारू लागले. एकदा चुकून भलत्याच गल्लीत वळले आणि दिवेलागणीला कुठल्या तरी गोदामाच्या पायरीवर सापडले. तेव्हा काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांच्यासाठी एक घडी बसवून दिली. घराच्या दारातून सरळ रस्ता माझ्यापर्यंत येत होता. मध्ये एकही वळण नव्हतं. काका सकाळी एकटे निघत, माझ्यावर येऊन बसत, आणि जेवायच्या वेळी काकू त्यांना न्यायला येत. तोवर ताई काउंटरवरून मान उंच करून बघत राहायच्या. बाजूचे टेलरमास्तर दोरा ओवता ओवता एक नजर टाकायचे. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. माणसं बघत होती, एवढंच.

म्हातारा मालक वारला आणि दुकान मुलाकडे आलं. रस्त्यावर सगळे त्याला खिळेवाले म्हणत. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला राक्षस ठरवाल आणि सुटाल. त्याने दुकानाला नवी काच बसवली. काचेत नळ, कुलपं, बिजागऱ्या झगमगू लागल्या. आणि त्या काचेसमोर मी, माझ्यावर चार म्हातारी डोकी. टेलरमास्तरांच्या दुकानात सगळ्या दुकानदारांची बैठक झाली. बाकड्यावर रिकामटेकडे बसतात, सालं टाकतात, जागा अडवतात. बाकडं हलवायचं का, असं विचारल्यावर सगळ्यांनी हात वर केले. सगळ्यांनी, हे लक्षात ठेवा.

काकूंना कळलं तेव्हा त्या तडक दुकानात आल्या.

"अरे, हे बाकडं हलवू नकोस. यांच्या डोक्यात आता नवीन काही राहत नाही. घर आणि हे बाकडं, एवढंच शिल्लक आहे."

"काकू, माझ्या एकट्याचं थोडंच आहे, सगळ्यांनी मिळून ठरवलंय. तुम्ही काकांना बागेत बसवा ना. हवा पण चांगली."

"बाग त्यांना सापडणार नाही, तेच तर सांगतेय मी."

"बघू," तो म्हणाला.

मित्रांनो, मोठी माणसं 'बघू' म्हणतात, तेव्हा त्यांनी बघणं बंद केलेलं असतं. काकूंना वाटलं, अजून विचार चालू आहे. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या दोन हमालांनी मला उचललं आणि दुकानामागच्या गोदामात, रंगाचे डबे आणि पाइप यांच्यामध्ये उभं करून ठेवलं. गोदाम आणि दुकान यांच्यात एक पातळ फळी होती. त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

थोड्या वेळाने काकांचा आवाज आला.

"इथलं बाकडं कुठे गेलं?"

खिळेवाले एका गिऱ्हाइकाला पाइप मोजून देत होते. "काका, ते गेलं आता."

"कुठे गेलं?"

"गेलं पुढे. पुढे बघा. निघा बरं तुम्ही, माप चुकतंय माझं."

गिऱ्हाईक हसलं. काका मात्र हसले नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले, "पुढे गेलं होय. बरं झालं सांगितलंत."

आणि चपला वाजत गेल्या. घराकडे नाही, पुढच्या दिशेने. मला चार पाय आहेत, मित्रांनो. चार पाय असून मी जागचं हललं नाही.

दुपारी काकू आल्या. जिथे मी असायचं तिथे फुटपाथवर माझ्या पायांचे चार डाग होते. त्या डागांकडे त्या बघत राहिल्या. मी जागेवर नव्हतं, म्हणून त्या सकाळी ताईंनी किंवा मास्तरांनी तिकडे नजरही टाकली नव्हती. मग धावाधाव सुरू झाली. ताईंनी दुकान बंद केलं. टेलरमास्तर सायकल घेऊन निघाले. परगावची मुलगी मिळेल त्या गाडीने आली. काकांचे फोटो खांबाखांबावर लागले. शोधायला निघालेल्या माणसांना टेकायला, ठरवायला जागा हवी, म्हणून खिळेवाल्यांनीच मला गोदामातून बाहेर काढायला लावलं. फडक्याने पुसून मला जुन्या जागी ठेवलं. सकाळी मी अडचण होतं, संध्याकाळी सोय झालं.

माझ्यावर बसून सगळ्यांनी डोकं चालवलं. कंडक्टर माणूस, तो डेपोकडेच गेला असणार. डेपो मागच्या दिशेला. मग सगळे मागे गेले. डेपो पालथा घातला, स्टेशन बघितलं, नदीच्या काठाकाठाने हाका मारल्या. खिळेवाल्यांनी तर जिवाचं रान केलं. स्वतःची मोटरसायकल फिरवली, बॅटऱ्या वाटल्या, लोकांना चहा पाजला. हवालदाराने विचारलं, "आजोबा इथे आले होते का सकाळी?" तेव्हा खिळेवाले माझ्यावरच बसले होते. त्यांचा तळहात माझ्या फळीवर होता आणि तो घामाने ओला झाला.

"गर्दी होती हो," ते म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."

मी ऐकत होतं. काका विचारत होते तेही मीच ऐकलं होतं, आणि हेही मीच. माझ्या जागी तुम्ही असता, तर तुम्ही ओरडला असता. मला तोंड नाही, आणि ज्याला होतं त्याने ते मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू माझ्यावर येऊन बसल्या. शेजारी खिळेवाले होते. डोळे तांबडे, दाढी वाढलेली.

काकू म्हणाल्या, "तू कालपासून जेवला नाहीस म्हणे. असं करू नये. तू आहेस म्हणून मी उभी आहे, बाबा."

खिळेवाले एकदम म्हणाले, "काकू, ते आले होते."

"कोण?"

"काका. काल सकाळी. बाकडं कुठे गेलं विचारत होते. मी म्हटलं, पुढे गेलं."

"पुढे म्हणजे कुठे?"

"कुठे नाही. असंच म्हटलं. गिऱ्हाईक होतं समोर."

काकू उठल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "आणि कालपासून आम्ही मागे शोधतोय," त्या म्हणाल्या.

मग माणसं पुढे धावली. पुढे काय घडलं ते मी पाहिलं नाही, पण परत आलेल्यांनी माझ्यावर बसून एकमेकांना सांगितलं, ते मी ऐकलं. काका वाटेवरच्या सगळ्यांनाच दिसले होते. शाळेच्या फाटकाशी पेरू विकणारी म्हणाली, "मला वाटलं, घरचं कुणी तरी मागून येत असेल." पंक्चरवाल्याने त्यांना पाणीसुद्धा दिलं होतं. तो म्हणाला, "बाकडं शोधतोय म्हणाले. मला वाटलं, फर्निचरचं दुकान हवंय." एक ट्रकवाला म्हणाला, "चांगले ताठ चालत होते, मला वाटलं व्यायाम करतायत." मला वाटलं, मला वाटलं, मला वाटलं. एवढ्या लोकांना एवढं वाटलं, आणि विचारलं एकानेही नाही.

घरं संपतात तिथून पुढे खडीची खाण आहे. उन्हात तिकडे कुत्रंही फिरकत नाही. खाणीच्या कुंपणाला पाठ टेकून काका बसलेले सापडले. चपला बाजूला नीट काढून ठेवल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, ऊन आणि तहान. आणि डॉक्टर असंही म्हणाले, की ते सापडले त्या दिवशी सकाळपर्यंत त्यांच्यात जीव होता.

हे शेवटचं ऐकून ताई मटकन माझ्यावर बसल्या. आदल्या संध्याकाळी कुणी एक वाक्य खरं बोललं असतं, तर काका आज फुटपाथवर लोकांना पुढे सरकायला सांगत असते.

मग राग उसळला. खिळेवाल्यांच्या नव्या काचेवर कुणी तरी दगड मारला. लोक त्यांच्या दुकानात जाईनात. रस्त्यात दिसले की माणसं तोंड फिरवत. टेलरमास्तर माझ्यावर बसून चारचौघांना सांगू लागले, "मी तेव्हाच म्हणत होतो, बाकडं हलवू नका." साफ खोटं. बैठकीत पहिला हात त्यांचाच वर गेला होता, हे त्यांनीच पूर्वी माझ्यावर बसून फुशारकीने सांगितलं होतं.

ताई समोरून आल्या. "मास्तर, हात तुमचा होता. माझाही होता. तो एकटा खोटं बोलला हे खरं, पण बाकडं आपण सगळ्यांनी उचललं."

मास्तर म्हणाले, "ताई, मी तर फक्त हात वर केला."

"तेच म्हणतेय मी," ताई म्हणाल्या.

मला खिळेवाल्यांचा राग येतो. पण एकाच्या डोक्यावर सगळं फोडून बाकीचे हात धुवून मोकळे होतात, त्याचा जास्त येतो.

शोकसभा माझ्यासमोरच भरली. भाषणं झाली. काका किती प्रेमळ होते, किती मिश्कील होते, हे सांगताना माणसं रडली, आणि खरंच रडली, ते मी नाकारत नाही. शेवटी कुणी तरी पितळी पाटी पुढे आणली. काकांचं नाव, खाली 'सर्व दुकानदारांतर्फे'. ती माझ्या पाठीवर ठोकायची होती. मला नवा रंगही द्यायचा होता.

काकू उभ्या राहिल्या.

"पाटी लावू नका," त्या म्हणाल्या. "ते जिवंत होते तेव्हा त्यांना बसवायला तुमच्याकडे जागा नव्हती. आता त्यांचं नाव बसवायला जागा झाली?"

पाटी आणणाऱ्याने ती खाली ठेवली.

"मी सांगायला आले होते. हात जोडले नव्हते, कारण बाकड्यासाठी हात जोडावे लागतील असं मला वाटलं नाही. आता कुणी माझ्याकडे माफी मागायला येऊ नका. आज माझ्याकडे ती नाही. उद्याचं मला माहीत नाही." मुलीचा हात धरून त्या सरळ रस्त्याने घरी गेल्या.

पाटी परत गेली. मला मात्र बोल्ट मारून फुटपाथवर पक्कं बसवलं. तेव्हापासून दुकानदारांनी एक केलं. कुणी गोंधळलेलं म्हातारं माणूस दिसलं, की कुणी तरी दुकान सोडून त्याच्याबरोबर घरापर्यंत जातं. काही दिवस सगळे जात होते. आता कमी जातात. परवा मोबाईलच्या दुकानाचा नवा मालक माझ्याकडे बघून म्हणाला, "हे धूड इथे कशाला? जागा अडते." खिळेवाले आपल्या दुकानातून बाहेर आले, माझ्यावर बसले आणि तो निघून जाईपर्यंत उठले नाहीत. त्याच वेळी काकू रस्त्याने चालल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं. त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. अजूनही बोलत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना स्वतःसाठी काही तरी मागतात. आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मला काही नको. मी लाकूड आहे, झिजेन, एक दिवस मोडेन, माझं सरपण करा, माझी तक्रार नाही. पण कुणी थकलेला माणूस तुमच्यापाशी येऊन काही विचारेल, तेव्हा तुमच्या हातात कितीही महत्त्वाचं काम असो, ते खाली ठेवा. त्याला बोट दाखवून वाटेला लावू नका. त्याचं घर कुठे आहे ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्याच्याजवळ उभे राहा.